चुलीचं बोलावणं

नारीन,
सोव्हिएत किर्गिझिया, ४ सप्टेंबर १९८३

ती. सौ. शायिरवहिनीस,
अक्मारालचा सा. न. वि. वि.

लग्नानंतरचं हे माझं पहिलं पत्र. उशीर का झाला ते लिहायला बसले होते, पण जमलं नाही, म्हणून तो भाग सोडून देते.

मी बरी आहे. इथल्या जलमापन केंद्रावर रुजू झाले. शिकले तेच काम आहे. तारेवरच्या पाळण्यात बसून नदीच्या मधोमध जायचं, यंत्र पाण्यात सोडायचं, वेग आणि खोली टिपायची. एरमेक रस्ते खात्यात इंजिनियर आहे, दोलोन घाटाचा रस्ता त्याच्या तुकडीकडे. घर दोन खोल्यांचं. सासूबाई आमच्याजवळ असतात. सासरे नाहीत, त्यामुळे घराचं कर्तेपण थोरल्या सासऱ्यांकडे, म्हणजे एरमेकच्या मोठ्या काकांकडे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. सुनेने ते उच्चारू नये तसं लिहूही नये, असं सासूबाईंनी सांगितलं. ते इथल्या सामूहिक शेतीचे उपाध्यक्ष आहेत आणि कमी बोलतात.

चुलीची बोलावणी चालू आहेत. तुझ्या वेळी तलासला झाली तशीच. फक्त इथे फार कडक पाळतात. बोलावणं येईपर्यंत त्या घराच्या दारावरून जाताना आत बघायचंही नाही. बोलावणं आलं की जोडीने जायचं, घरची बाई सुनेच्या डोक्यावर पांढरा रुमाल घालते, सुनेने चुलीत चमचाभर चरबी सोडायची, की ते घर आपलं. जुलैत आत्यासासूबाईंच्या कुरणावरच्या तंबूत जाऊन आलो. पाऊस होता, घोड्यांची शर्यत त्यातच झाली, एरमेक तिसरा आला आणि पहिला आल्यासारखा वागला. ऑगस्टमध्ये इसिक-कूलच्या काठी त्याच्या मावसभावाचं लग्न झालं. एरमेक पोहला. मी काठावर बसून पाण्याच्या तापमानाचा अंदाज केला. थर्मामीटर जवळ नव्हता, त्यामुळे अंदाज बरोबर होता की नाही ते कळलं नाही.

आता मुद्द्याचं. रुमाल डोक्यावर पडला की प्रत्येक घरात पुढचा प्रश्न एकच असतो, माहेरचं बोलावणं आलं का. बापाला न विचारता गेलेल्या मुलीने बापाने बोलावल्याखेरीज त्याचा उंबरा ओलांडायचा नाही, हे मला मान्य आहे. आणि ते बोलावणं पहिल्या वर्षात यावं लागतं. नंतर गेलं तर ती पाहुणी म्हणून जाते, मुलगी म्हणून नाही. आमचं वर्ष पंचवीस जूनला पुरं होतं. थोरले सासरे जुलैच्या सुरुवातीला बाबांचा राग शांत करायला मेंढा घेऊन तुमच्याकडे आले होते. परत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की मेंढा ठेवून घेतला, बोलणं झालं नाही. त्यानंतर या घरात कोणी तो विषय काढत नाही. एरमेकही नाही.

सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी बोलावणं शरदात येईल असं सांगून टाकलं. त्या लगेच बाबांसाठी अंगरखा शिवायला बसल्या. मी खोटं बोलले. ते खरं होण्यासारखं आहे का, तेवढं कळव.

माया मागणं मला नीट जमत नाही. आहे तशी ठेव.

तुझी,
अक्माराल


तलास खोरं,
९ ऑक्टोबर १९८३

चि. सौ. मोजपट्टीस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

लग्न झालं म्हणून मी तुला नावाने हाक मारीन असं वाटलं असेल तर विसर. सासरच्या माणसांची नावं आम्हीही घेत नाही, बरं का. बाबा तंबूच्या काठ्या वाकवत बसायचे आणि तू शाळेची पट्टी घेऊन, ही अर्ध्या बोटाने लांब आहे म्हणून त्यांना रागवायचीस, त्या दिवशी ठेवलेलं नाव आहे हे. एवढे लोक काठ्या न्यायचे, बाबांना चुकलं म्हणायची हिंमत एकट्या तुझीच होती. आणि तेही गपचूप काठी तासून कमी करायचे.

पत्र कसलं गं लिहिलंस. अहवाल लिहिलास. नवरा पोहला, पाण्याचं तापमान कळलं नाही. अगं, तू पाण्यात उतरलीस का, तो तुझ्याकडे बघून हसला का, यातलं काही लिहायचं सोडून! पण तारेपेक्षा बरं. तुझी तार आली, "लग्न नोंदवले. अक्माराल." बाबांनी ती चहाच्या वाडग्याखाली सारली आणि म्हणाले, पोरीने शब्द वाचवले. त्यानंतर तुझं नाव त्यांनी घरात काढलं नाही. आम्हीही नाही.

तुझे थोरले सासरे आले त्या दिवसाचं सांगते. भर दुपारी आले, दोघं होते. बरोबरचा माणूस त्यांच्या शेतीच्या कचेरीतला, चटपटीत, सारखा इकडेतिकडे बघणारा. बाबांनी त्यांना मानाच्या जागी बसवलं. मला वाटलं, आता बोलतील. कोणी बोलेना. मी दस्तरखान पसरला, चहा आणला, सकाळच्या रोट्या ठेवल्या. बाबांनी स्वतः रोटी मोडली आणि तुकडे पुढे सारले. एवढ्यात तुझे सासरे उठले, लांब जायचंय म्हणाले, छातीवर हात ठेवला आणि बाहेर. कचेरीवाला चहा अर्धा टाकून त्यांच्या मागे पळाला. बाबा चहा गार होईपर्यंत तिथेच बसून होते. मी म्हटलं, मेंढ्याला पाणी दाखवते. दाखव म्हणाले.

तो मेंढा अजून आहे. बाबा कापत नाहीत, विकत नाहीत आणि परतही पाठवत नाहीत. तुझा दादा त्याला व्याही म्हणतो. व्याही रोज माझी कोबी खातात आणि त्यांना कोणी काही बोलायचं नाही.

बोलावण्याचं मला काही सांगता येत नाही, पोरी. मेंढा परत पाठवला असता तर संपलंच होतं. कापला असता तर राग गेला म्हणता आलं असतं. मेंढा चरतोय. सासूबाईंना म्हण, अंगरखा सावकाश शिवा, बाह्या जरा आखूड ठेवा. म्हाताऱ्याचे हात आताशा आखडलेत.

पत्र टाकत जा. रागावून का होईना, मला आठवत जा.

तुझी वहिनी,
शायिर


नारीन,
८ जानेवारी १९८४

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. व्याह्यांचा भाग मी एरमेकला वाचून दाखवला. तो हसला. तू विचारतेस म्हणून लिहिते, इसिक-कूलला मी पाण्यात उतरले नाही. तो माझ्याकडे बघून हसला होता.

नोव्हेंबरपासून तो घाटातल्या छावणीवर आहे. बर्फ पडलं की यंत्रं बाहेर काढायची, रस्ता मोकळा करायचा, पुन्हा बर्फ पडायची वाट बघायची. तो महिन्यातून एकदा खाली येतो आणि झोपतो. नवं वर्ष सासूबाई आणि मी दोघींनी केलं. त्यांनी लवकर दिवा मालवला. नदी काठाकडून गोठत मधोमध आली आहे. आता आम्ही बर्फाला भोक पाडून मोजतो. वरून सगळं थांबल्यासारखं दिसतं, यंत्र खाली सोडलं की पातं फिरायला लागतं.

डिसेंबरमध्ये एरमेकच्या चुलतबहिणीच्या नुकत्याच चालू लागलेल्या मुलाची पायदोरी कापायचा सोहळा होता. तो आठवडाभर खाली आला होता म्हणून जोडीने गेलो. पोराच्या पायाला काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधली आणि ती कोणी कापायची यावर बायकांचं बोलणं सुरू झालं. जिची चाल झपझप तिने कापावी, म्हणजे पोर तसं चालतं. कोणीतरी माझं नाव घेतलं. केंद्रावर जाताना मला सगळ्यांनी पाहिलं आहे. सुरी माझ्या हातात दिली. तेव्हा मागून एक म्हातारी हळूच म्हणाली की जिच्या मागचा रस्ता बंद आहे तिने पोराचा रस्ता मोकळा करू नये. ती वाईट बाई नाही. तिला पोराची काळजी होती. कोणी सुरी काढून घेतली नाही. मीच शेजारच्या मुलीच्या हातात दिली. एरमेक बाहेर घोडे बघत होता, त्याला हे माहीत नाही आणि मी सांगितलेलं नाही.

सासूबाईंचा अंगरखा शिवून झाला आहे. बाह्या आखूड आहेत. बोलावणं शरदात आलं नाही तेव्हा त्यांनी विचारलं नाही. अंगरखा घडी करून पेटीत ठेवला, वर कापूर ठेवला. मग मी पुन्हा म्हणाले की वसंतात येईल.

आणखी एक गोष्ट तुला सांगण्यासारखी आहे. नवऱ्याकडच्या सगळ्या घरांची चुलीची बोलावणी झाली, एक घर सोडून. थोरल्या सासऱ्यांचं. ते आमच्याच गल्लीत राहतात. त्यांचं बोलावणं सगळ्यांत आधी यायला हवं होतं. मी त्यांच्या दारावरून रोज दोनदा जाते आणि आत बघत नाही. एरमेक म्हणतो, त्यांना शेतीची कामं फार आहेत. हिवाळ्यात शेतीची कामं किती असतात ते त्यालाही माहीत आहे.

बाबांच्या हातांबद्दल तू लिहिलंस. डाव्या मनगटावर लोकरीची पट्टी बांधत जा म्हणावं. मी सांगितलं असं म्हणू नको.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळव, नसेल तर कळवायची गरज नाही.

अक्माराल


तलास खोरं,
२ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. मोजपट्टीस,
आशीर्वाद, आणि त्या म्हातारीच्या जिभेला फोड.

पत्र वाचून मी रडले, मग भांडी आदळली, मग तुझ्या दादाने विचारलं काय झालं तर त्याच्यावर ओरडले. आता बरं वाटतंय. लोकरीची पट्टी बांधली. कोणी सांगितलं म्हणून विचारलं नाही त्यांनी. पट्टीकडे बघितलं फक्त.

पोरी, कारण कळलं. आमच्याकडे परवा हिवाळ्याच्या बेगमीचं जेवण होतं. गाय कापली, गल्लीतले म्हातारे जमले. खाऊनपिऊन सुस्तावल्यावर त्यातल्या एकाने बाबांना छेडलं, की गोठ्यात सोयऱ्यांचा मेंढा एवढा मातलाय आणि तुम्ही गाय कसली कापता. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "मी रोटी मोडून पुढे ठेवली. त्याने चाखली नाही. जो माझी रोटी चाखत नाही, त्याच्या घरात माझी मुलगी आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?"

म्हातारे खाली ताटाकडे बघायला लागले. खरंच होतं ते. दारावरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय आपण सोडत नाही. घाईत असला तर निदान चिमूट मोडून ओठाला लावतो. शत्रू असला तरी. आणि हा माणूस राग शांत करायला आला आणि रोटी तशीच ठेवून गेला. मी तिथेच उभी होते. तुकडे जिथे सारले तिथेच पडले होते. मला तेव्हा वाटलं, लाजले असतील, गडबडले असतील. बाबांनी तो अपमान धरला. तुझ्यावर राग आहेच, पण तो राग गेला असता गं. मुलीवरचा राग किती दिवस टिकतो? हे दुसरं आहे.

व्याही बरे आहेत. बर्फ फार पडलं तेव्हा बाबांनी त्यांना ओसरीत आणून बांधलं. एवढी सरबराई माझ्या माहेरच्यांचीही झाली नव्हती.

तू नवऱ्याला विचार. सरळ विचार. आणि जीव जपून पाळण्यात बस. माझी माया मोजायला तुझं यंत्र पुरायचं नाही.

वहिनी


नारीन,
२५ मार्च १९८४

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

एरमेकला विचारायला मी घाटात गेले. डिझेल नेणाऱ्या ट्रकवर जागा मिळाली. या वर्षात मी केलेला हाच एक प्रवास ज्यासाठी मला कोणी बोलावलं नव्हतं. छावणी म्हणजे चाकांवरची एक खोली, आत शेगडी आणि सहा माणसं. बाकीची पाचजणं यंत्र बघायच्या निमित्ताने बाहेर गेली आणि बराच वेळ गारठत उभी राहिली. मी तू लिहिलेलं सांगितलं. एरमेक म्हणाला हे शक्य नाही. थोरले काका जमिनीवर पडलेला रोटीचा कण उचलून कपाळाला लावतात, लहानपणी तुकडा टाकला म्हणून त्यांनी त्याचा कान पिळला होता. मग त्याने शेगडीत कोळसा टाकला आणि म्हणाला, "मला वाटत होतं तुझ्या बाबांनी त्यांना हाकलून दिलं. तुला वाईट वाटेल म्हणून मी कधी विचारलं नाही." मी म्हणाले की मलाही तसंच वाटत होतं, आणि मीही म्हणूनच विचारलं नव्हतं. आम्ही चहा प्यायलो. संध्याकाळच्या ट्रकने मी खाली आले.

पुढच्या खेपेला तो खाली आला तेव्हा काकांकडे गेला आणि विचारलं. काका उठले आणि घोड्याला बघायला म्हणून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. एरमेक परत आला.

तेव्हा असं आहे. तू साक्षीदार आहेस, त्यामुळे रोटी चाखली नाही हे खरं. ते रोटीचा मान ठेवतात हेही खरं. मधलं काही तरी मला दिसत नाही.

कोचकोरला एक लग्न झालं. एरमेक घाटात होता, म्हणून एकटी गेले. तिथल्या बायका प्रेमळ आहेत. माझ्या पुढ्यात जोडीचं ताट मांडलं आणि निघताना त्याचा वाटा कापडात बांधून दिला. घरी आलेल्याने जेवणावळीतला वाटा घरातल्या माणसाला द्यायचा. मी तो दोन दिवस थंडीत ठेवला. तो आला नाही. मग मीच खाल्ला, उभ्याने.

सासूबाईंनी बोलावणं वसंतात कधी असं आता विचारलं. मी बर्फ वितळल्यावर म्हणाले. नदीवरचं बर्फ परवा फुटलं.

लोभ असू दे.

अक्माराल


तलास खोरं,
६ मे १९८४

चि. सौ. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते, लोकर कातरणी चालू आहे. व्याह्यांची लोकर बाबांनी स्वतः कातरली. बाकीच्यांच्यात मिसळू दिली नाही, वेगळी धुऊन वेगळी वाळवली. मी विचारलं, हिचं काय करायचं. म्हणाले, राहू दे.

रेडिओवर हवामान लागलं की आता ते काम थांबवतात. तलासचं ऐकून आम्ही उठतो, ते नारीनपर्यंत बसतात. परवा तुझ्या दादाला विचारत होते की दोलोन घाट उघडला का. दादा म्हणाला, मला काय माहीत, तुमच्या जावयाला विचारा. मी दाराआड जीव मुठीत धरून उभी. बाबा रागावले नाहीत. पण रंधा उचलला आणि कामाला लागले.

वर्ष संपत आलं गं. मला राहवत नाही. तू सरळ निघून ये. बोलावणं गेलं खड्ड्यात. मी दार उघडते, तू आत ये, मग बघू म्हातारा काय करतो ते. हाकलून तर देणार नाही.

उत्तर लवकर पाठव, आणि प्रेमाचं एखादं वाक्य चुकून पडलं तर खोडू नको.

वहिनी


नारीन,
५ जून १९८४

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. एरमेकचा मित्र लोकरीचा ट्रक घेऊन तलासला येतो आहे, तो तुझ्याच हातात देईल. वाचून झालं, बाबांना वाचून दाखवलंस, की चुलीत टाक.

आधी तुझ्या मागच्या पत्राचं उत्तर. मी येणार नाही. दार तू उघडशील हे मला माहीत होतं. तू उघडलेल्या दारातून मी तुझ्याकडे येऊ शकते, बाबांकडे नाही. रागावू नको.

रविवारी थोरल्या सासऱ्यांचं चुलीचं बोलावणं आलं. थोरल्या सासूबाई स्वतः आल्या आणि उन्हं गेल्यावर या म्हणाल्या. एरमेक खाली आला होता. आम्ही गेलो. त्यांनी रुमाल घातला, मी चुलीत चरबी सोडली. दस्तरखान भरलेला होता. थोरले सासरे आम्हाला घ्या म्हणाले, पण स्वतः घेईनात, म्हणून कोणीच घेतलं नाही. ते गवताच्या कापणीबद्दल बोलत राहिले. त्यांचे ओठ सुकून फाटलेले होते. त्यांच्या पुढचा वाडगा कोरडा होता. ते पश्चिमेच्या खिडकीसमोर बसले होते. डोंगरावरचं ऊन गेलं तरी थांबले. आकाश करडं झालं तेव्हा त्यांनी रोटी घेतली, नखाएवढा तुकडा मोडला, डोळे मिटले, ओठ हलले, आणि तो खाल्ला. मग पाणी प्यायले, सलग, वाडगा खाली न ठेवता. मग आमच्याकडे बघून म्हणाले, आता घ्या.

वहिनी, हा रमजान आहे. गेल्या वर्षी ते तुमच्याकडे भर दुपारी आले तेव्हाही तोच महिना चालू होता. मी जंत्री मागे मोजून पाहिली.

वाडगे विसळताना मी थोरल्या सासूबाईंना विचारलं की गेल्या वर्षीही ते असेच होते का. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. ते दर वर्षी धरतात. घराबाहेर कोणाला माहीत नाही. उपाध्यक्ष माणसाने, पक्षाच्या सभासदाने, रोजा धरला हे कचेरीत कळलं तर पद जातं, आणि पदाबरोबर बरंच काही. त्या दिवशी बरोबर कचेरीतला माणूस होता. बाबांनी रोटी मोडून पुढे सारली. खावी तर महिना मोडतो. न खावी तर का ते सांगायला हवं, आणि सांगायला तोंड नाही. म्हणून ते उठले. थोरल्या सासूबाई म्हणाल्या, "वाटेत ते गाडी थांबवून आडोशाला जाऊन रडले. वर्षभर तुला बोलावलं नाही ते का? म्हणायचे, ज्या घरची रोटी मी चाखली नाही, त्या घरच्या मुलीला माझी रोटी कोणत्या हाताने देऊ?"

त्यांनी बोलावण्यासाठी हाच महिना का निवडला, आणि हीच वेळ, हे मी विचारलं नाही. सून त्यांच्याशी बोलत नाही आणि ते मला सांगू शकत नाहीत. मला बघता येतं एवढं त्यांना माहीत आहे. मी काय बघितलं ते बाबांना कळवावं असं त्यांना वाटत असावं. हा माझा अंदाज आहे, पण मी त्यावर चालते आहे. ही गोष्ट त्यांच्या घराची आहे. तुझ्या, दादाच्या आणि बाबांच्या पलीकडे ती जाता कामा नये.

बाबांना माझ्याबद्दल काही सांगू नको. फक्त एवढं सांग की त्या माणसाने रोटी नाकारली नव्हती.

अक्माराल


तलास खोरं,
११ जून १९८४

चि. सौ. माझ्या पोरीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

ट्रकवाल्याच्या हातीच हे उत्तर देते आहे. तो दोन दिवस इथे आहे, मी त्याला इतकं खाऊ घातलं की त्याला वाटलं मला लेक खपवायची आहे.

तुझं पत्र मी परवा दुपारी वाचून दाखवलं. बाबा तासत बसले होते, हात थांबले नाहीत. रोटी मोडली, ओठ हलले, तिथे मी आले तेव्हा म्हणाले, ते परत वाच. परत वाचलं. पुढे गाडी थांबवली ते आलं, तर ते उठून बाहेरच गेले. मी आणि तुझा दादा उठलो. खिडकीतून बघितलं तर व्याह्यांच्या मानेवर हात ठेवून उभे.

आत आले आणि मला म्हणाले, मी त्याला दुपारी रोटी वाढली. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत. म्हणाले, त्याचे ओठ मला दिसायला हवे होते. मी फक्त हात बघत बसलो.

पत्र चुलीत टाक असं तू लिहिलंस. मी टाकायला गेले तर हातातून घेतलं. मुलीचं अक्षर जाळत नाहीत, म्हणाले. अवजारांच्या पेटीत ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. त्या पेटीत तुझी आधीची सगळी पत्रं आहेत, मोजपट्टी. मी समजत होते ती उंदरांनी नेली.

रात्री उशिरापर्यंत रंध्याचा आवाज येत होता. काल सकाळी मला कागद घ्यायला सांगितलं आणि हे एवढंच लिहायला सांगितलं. जसंच्या तसं लिहिते.

"मुलीला म्हणावं, नवऱ्याला, सासूला आणि त्या माणसाला घेऊन ये. महिना संपायच्या आत या. त्याला म्हणावं, संध्याकाळी ये."

दादाने सुरीला धार लावली. व्याह्यांना कळलंय की काय कोण जाणे, सकाळपासून माझ्या कोबीकडे फिरकले नाहीत. छातीचा तुकडा जावयाचा, तो मी कोणाला हात लावू देणार नाही.

आणि एक सांगते. कालपासून बाबा दुपारचं जेवण नको म्हणतात. चहाही नको. पहाटे उठून काहीतरी खाल्ल्याचा आवाज येतो. मी कारण विचारलं नाही.

ये गं लवकर. डोळे तुझ्यासारखे शिकलेले नाहीत माझे, पण वाटेकडे बघायला पुरतात.

तुझी वहिनी


नारीन,
१७ जून १९८४

ती. बाबांस,
अक्मारालचा शि. सा. न.

तुमचा निरोप मिळाला. एरमेकने पंधरा दिवसांची रजा घेतली आहे. आम्ही चौघं गुरुवारी निघतो, फ्रुन्झेला मुक्काम करून शनिवारी दुपारनंतर पोचू. थोरले सासरे गाडीतही काही घेणार नाहीत. बरोबर कचेरीतलं कोणी नाही. सासूबाईंनी तुमच्यासाठी अंगरखा शिवला आहे. बाह्या आखूड वाटल्या तर चूक माझी आहे, मी कळवलेल्या मापावरून शिवला.

वर्षभर प्रत्येक घरात लोक मला माहेरचं बोलावणं आलं का विचारत होते आणि मी येईल म्हणत होते. काल थोरल्या सासूबाईंनी विचारलं. मी आलं म्हणाले. पुढे तोच वाडगा मी पुन्हा पुन्हा विसळत राहिले. त्यांनी माझ्या हातातला वाडगा काढून घेतला.

या पत्राला उत्तर लिहू नये. ते पोचेपर्यंत आम्ही वाटेत असू.

एकच सूचना आहे. आपल्या ओसरीवरून सूर्य डोंगरामागे लवकर जातो. तो खरा सूर्यास्त नव्हे, मी लहानपणी पाहिला आहे, त्यानंतरही बराच वेळ उजेड राहतो. थोरले सासरे तो धरणार नाहीत. तुम्हीही धरू नका. वहिनीला म्हणावं, रोटी जरा उशिरा तंदुरातून काढ, म्हणजे तोवर गरम राहील.

तुमची,
अक्माराल